हाकेच्या आधी

देवळाच्या कचेरीतून फोन आला तेव्हा त्याच्या हातात मेणाचा वरचा जबडा होता आणि त्यात तो समोरचा डावा दात बसवत होता. कवळीतला समोरचा दात हे नाजूक प्रकरण. केसभर जास्त तिरका गेला तर माणूस हसताना खोटा दिसतो, आणि अगदी सरळ बसवला तरीही खोटाच दिसतो. पंचवीस वर्षं हेच काम करून त्याच्या बोटांना आता तो केसभर फरक डोळ्यांच्या आधी कळायचा. फोन त्यानं खांद्यात धरला. कचेरीतल्या बाईंनी सगळं नीट तपासून घेतलं. उद्या सकाळी साडेसात, पहिल्या वर्षाचा विधी, माणसं तीन, आईंना खाली बसवत नाही म्हणून एक खुर्ची. मग त्यांनी बसणार कोण म्हणून विचारलं. अजून ठरायचंय, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, आजच ठरवा, कारण आमच्याकडे हाक मारायची रीत आहे. जो बसेल त्यानं गेलेल्या माणसाला तीनदा हाक मारायची आणि प्रत्येक हाकेला ओंजळीतलं पाणी सोडायचं. कागदावरचं नाव चालत नाही, जिवंतपणी ज्या नावानं हाक मारत होता तीच हाक. काहींना ऐन वेळी जमत नाही, म्हणून आम्ही आदल्या दिवशी सांगून ठेवतो. आणि मग, अर्जातली शेवटची ओळ भरावी तितक्या सहज, बाईंनी विचारलं, "तुम्ही काय म्हणायचात त्यांना?"

मेण बोटाखाली दबलं आणि दात आत गेला. उद्या सांगतो, असं काहीतरी बोलून त्यानं फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला मशीन थांबवून त्याच्याकडे बघत होता, कारण आपल्या मास्तरांच्या हातून दात हललेला त्यानं आजवर पाहिला नव्हता. मास्तरांनी मेण गरम करायला दिवा पेटवला आणि तो दात काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

काय म्हणायचात. खरं उत्तर असं होतं की काहीच नाही. सदतीस वर्षं एका घरात राहून, एका पातेल्यातलं जेवून, एकमेकांची औषधं आणून देऊन त्यानं त्या माणसाला कशानंच हाक मारली नव्हती. तो माणूस आईचा दुसरा नवरा. स्वतः तो नऊ वर्षांचा असताना एका रविवारी ते घरात राहायला आले, एक पत्र्याची पेटी आणि हत्यारांची एक जड पिशवी घेऊन. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचे. आठवडाभरानं आईनं त्याला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलं आणि त्याच्या शर्टाचं बटण लावत म्हणाली, त्यांना बाबा म्हणत जा हं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. आईनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तिनं नाद सोडला असं तो समजला, आणि मोठेपणीही तसंच समजत राहिला.

कुणाला हाक न मारता त्याच्याबरोबर जन्म काढणं वाटतं तितकं अवघड नसतं. सवय झाली की वाक्य मधूनच सुरू करता येतं. जेवायचं झालंय, असं हवेत सांगता येतं. गिझर लावलाय, असं दाराच्या चौकटीला सांगता येतं. आई घरात असली तर तिच्यामार्फत काम होतं, त्यांना सांग उद्या पाणी येणार नाहीये, आणि ते तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे, मान डोलवायचे, कळलं म्हणून. एकदा घाईत त्याच्या तोंडून आईसारखंच 'अहो' निघून गेलं होतं, तेव्हा आई हसून हसून भिंतीला टेकली आणि म्हणाली, ते मी म्हणायचं असतं रे. त्यानंतर त्यानं तेही टाळलं. शाळेत पोरं विचारायची, लिफ्टवाले तुझे बाबा ना? तो म्हणायचा, लिफ्टवाले आमच्याकडे राहतात. हे वाक्य एकदा त्यांच्या देखत बोललं गेलं. फाटकापाशी ते उभेच होते. त्यांनी त्या पोराकडे बघून मान डोलवली, हो, राहतो, म्हणाले, आणि त्याचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं.

'बाबा' हा शब्द त्याच्याकडे नव्हता असं नाही. होता, आणि वापरात होता. सहाव्या वर्षी त्याचे वडील गेले तेव्हा कुणीतरी मोठ्या माणसानं, समजूत घालायची म्हणून, त्याला सांगितलं होतं की तू हाक मारलीस की त्यांना ऐकू येतं. त्यानं ते शब्दशः धरलं. शाळेतून आला की तो गच्चीवर जायचा, पाण्याच्या टाकीमागे, जिथे सिमेंट कायम ओलं असायचं आणि उन्हातही पाठीला गार लागायचं, आणि तिथे बसून हळू आवाजात हाक मारायचा. उत्तर यावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. आपण मारतोय एवढं तिकडे पोचलं की पुरे. तोच शब्द खाली घरात दुसऱ्या माणसाला दिला तर वरच्याला कसं कळणार, कोणती हाक आपली आणि कोणती दुसऱ्याची? पोराचा हिशोब असा होता, आणि तो चुकीचा होता असं त्याला आजही धड म्हणता येत नव्हतं. पुढे कधीतरी गच्चीवर जाणं थांबलं. परीक्षा आल्या असतील, मिसरूड फुटली असेल. नेमका कोणता दिवस शेवटचा, ते त्याला आठवत नव्हतं, आणि याचंच त्याला वाईट वाटायचं. शब्द वरही पोचेनासा झाला आणि खालीही कुणाला दिलेला नव्हता. नुसता पडून राहिला. लग्न त्यानं केलं नाही, का केलं नाही यामागे काही मोठी गोष्ट नव्हती, राहून गेलं. पण त्यामुळे तो शब्द उलट्या बाजूनंही त्याच्या वाट्याला आला नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यानं त्यांची कवळी केली होती. दातांच्या डॉक्टरनं माप घेतलं, पण बसवून बघायचं काम त्यानं घरीच केलं, जेवणाच्या टेबलावर, खिडकीकडे तोंड करून. कवळी बोलण्यावरून तपासतात. त्यानं त्यांना साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले, कारण 'स' नीट फुटला की दातांची उंची बरोबर. मग वाफ, वाफा, फावडं. वरचे दात खालच्या ओठाला कुठे टेकतात ते बघत त्यानं त्यांच्या गालांवर दोन्ही हात ठेवले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्याला त्याचा हात पहिल्यांदाच लागत होता. कातडी अपेक्षेपेक्षा मऊ होती, दाढीचे खुंट पांढरे आणि विरळ. ते शहाण्या मुलासारखे सांगितलं ते म्हणत राहिले. एकसष्ट, बासष्ट. त्याच्या मनात आलं, 'बाबा' या शब्दाला दात लागतच नाहीत. नुसते ओठ मिटायचे आणि उघडायचे. म्हणून तर बिनदाताच्या तान्ह्या पोरालाही तो म्हणता येतो. हे मनात आलं आणि त्यानं त्यांना सत्तरपर्यंत पुन्हा एकदा मोजायला लावलं. शेवटी ते आरशात बघून म्हणाले, झकास बसलीय, आता मला तुझ्यावर रागावता येईल. ते त्याच्यावर कधीच रागावले नव्हते.

आणि मग गेल्या वर्षीची इस्पितळातली ती दुपार. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. आई घरी कपडे बदलायला गेली होती, बहीण अजून गाडीत होती, आणि खाटेपाशी तो एकटाच. कवळी काढून डबीत ठेवलेली, त्यामुळे त्यांचं तोंड आत ओढलेलं. नर्स आली, नाडी बघितली आणि म्हणाली, त्यांना हाक मारा, ओळखीचा आवाज लागतो अशा वेळी. त्यानं तोंड उघडलं. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. नर्सला वाटलं त्याला भरून आलंय. मग तिनंच वाकून, मोठ्यानं, आजोबा, अहो आजोबा, अशा हाका मारल्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. तो त्यांचं मनगट धरून उभा राहिला, आणि दोन तासांनी आई यायच्या थोडं आधी सगळं संपलं. त्यांनी डोळे उघडले असते की नाही, हे कळायला आता मार्ग नव्हता. वर्षभर तो दात बसवत होता, भाजी आणत होता, आईच्या गुडघ्याला तेल लावत होता, आणि दिवसातून एकदा तरी, बहुतेक हात धुताना, त्याचे ओठ आपोआप मिटायचे आणि उघडायचे.

संध्याकाळी बहीण आली. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान, आईची आणि त्यांची मुलगी. घरात तिला सगळे बारकी म्हणत, आणि दुसऱ्या गावी ती गुरांची डॉक्टर होती तरी इथे पाऊल टाकलं की बारकीच व्हायची. जेवताना त्यानं कचेरीच्या फोनचं सांगितलं आणि जोडूनच म्हणाला की उद्या तिनं बसावं हे बरं. तिचे वडील ते. आई पानातलं मीठ बोटानं एकीकडे सारत राहिली. बारकीनं हातातला घास पानात ठेवला. मग तिनं सांगितलं की ती अजूनही कामावरून सुटली की गाडीत बसून त्यांना हाक मारते, दिवसभराचं सांगते, कुणाची म्हैस अडली होती, कुणी पैसे बुडवले. वेड लागल्यासारखं दिसत असेल, पण मारते. "माझी रोज मारून होते, दादा," ती म्हणाली. "तुझी राहिलीय." त्यानं भाताचा घास घेतला. झोपायच्या आधी न्हाणीघरात नळ मोठा सोडून त्यानं एकदा म्हणून बघितलं. शब्द आला, पण कवळी तपासताना येतो तसा, नुसता आवाज. त्यानं नळ बंद केला.

देऊळ मोठं नव्हतं. दगडी मंडप, नुकताच धुतलेला, पायांना गार आणि किंचित बुळबुळीत. खांबाखांबांपाशी वेगवेगळी घरं आपापल्या गेलेल्या माणसासाठी बसलेली. कुणाचं पहिलं वर्ष, कुणाचं विसावं. तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास. कुठे पोर रडत होतं, कुठे दोघं भाऊ गाडी कुठे लावली यावरून हळू आवाजात भांडत होते. त्यांच्या वाट्याला आलेले गुरुजी साठीच्या पुढचे, चष्म्याला दोरा बांधलेला, आणि बोलताना त्यांच्या खालच्या दातांचा बसवलेला पूल बारीक टक टक वाजत होता. त्याच्या सवयीच्या कानांनी ते लगेच टिपलं, डाव्या बाजूनं घासायला हवा. आईला खुर्ची मिळाली. बारकी तिच्याजवळ खाली बसली. समोर दिवा, तांब्याचं भांडं, फुलं, आणि पाणी वाहून जायला दगडातच कोरलेली एक उथळ पन्हळ. गुरुजींनी मंत्र म्हटले, त्यानं सांगितल्याप्रमाणे फुलं वाहिली, दिवा ओवाळला. हातांना काम होतं तोवर सगळं ठीक होतं. मग गुरुजींनी त्याच्या ओंजळीत पाणी घातलं आणि मारा हाक म्हणून खुणावलं.

पाणी बोटांच्या फटींतून गळायला लागलं. गुरुजींनी भर घातली. पुन्हा गळलं. तिसऱ्यांदा त्यांनी भांडं उचललं तेव्हा तो म्हणाला, "मी त्यांना कधी हाक मारलेलीच नाही."

गुरुजींना फार आश्चर्य वाटलं असं दिसलं नाही. त्यांनी इतक्या वर्षांत काय काय ऐकलं असेल. भांडण होतं का, त्यांनी विचारलं. नाही. लांब राहत होता? नाही, एका घरात. किती वर्षं? सदतीस. आता मात्र गुरुजींनी चष्मा काढून दोऱ्यावर सोडला आणि खऱ्या कुतूहलानं विचारलं, "मग चाललं कसं?"

हा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आपण हाक मारत नाही, आपण वाक्य मधून सुरू करतो, आपण निभावून नेतो, अशीच त्याची समजूत होती. जणू सगळी कसरत त्याची एकट्याची. मागून खुर्चीतून आई बोलली. तिचा आवाज म्हाताऱ्या माणसांचा असतो तसा जरुरीपेक्षा मोठा होता.

"चाललं, कारण ह्यांनी चालवलं."

आणि मग तिनं गुरुजींना सांगितलं, गुरुजींनाच, त्याच्याकडे न बघता. की लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिनं पोराला बाबा म्हण म्हणून सांगितलं, ते ह्यांनी बाहेरून ऐकलं. संध्याकाळी तिला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा सांगायचं नाही. त्याचा शब्द त्याच्यापाशी राहू दे. त्याला हाक मारायची वेळच येणार नाही, ते मी बघतो. आणि बघितलं त्यांनी. घरात नेहमी दारासमोरच्या जागी बसायचे, आला की दिसावेत म्हणून. त्या जागी पंख्याचा वारा लागत नाही, उन्हाळ्यात घामानं निथळायचे, पण उठले नाहीत. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास फाटकावर. बाजारात, गर्दीत जाताना कामावरची ती पिवळी टोपी घालायचे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ती म्हणायची, अहो, लोक हसतात, तर म्हणायचे, हसू देत, त्याला लांबून दिसेन. रस्त्यानं त्याच्या मागे कधी चालले नाहीत, कायम दिसतील असे पुढे. रात्री पोर कुशीवर वळलं तरी उठून बघून यायचे. "तो काही मागायला तोंड उघडायच्या आत हे हजर असायचे," आई म्हणाली. "हाकेला धावून जाणारे पुष्कळ असतात, गुरुजी. हे हाकेच्या आधीच जायचे."

बारकीनं आईचा गुडघा धरला होता. तो समोरच्या पन्हळीकडे बघत होता, पण त्याला ती दिसत नव्हती. त्याला दिसत होता अकरा वर्षांचा एक मुलगा, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, अंधारात. तो घाबरून श्वास गोळा करतोय, ओरडणार, आणि काय म्हणून ओरडायचं हे त्याला कळत नाही. आणि तेवढ्यात डोक्यावरून, तारांच्या बाजूनं, शांत आवाज येतो, आलोय मी, खाली बस. त्या इमारतीत त्यांचं त्या दिवशी कामच नव्हतं. हे त्याला माहीत होतं, तेव्हाही माहीत होतं. ते तिथे कसे, हा प्रश्न मात्र छत्तीस वर्षांत पडला नव्हता. शिकवणीला त्या इमारतीत तो एकटा जायचा तो पहिलाच दिवस होता. आणि इस्पितळातली ती दुपार. त्यांना हाकेची सवयच नव्हती. त्याच्या हाकेवर डोळे उघडायचे असतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं, मनगटावरचा हात मात्र ओळखीचा होता, निदान गालावरच्या हातांइतका तरी. यानं त्याचं सगळं ओझं उतरलं असं नाही. पण ते हललं, एका खांद्यावरून दुसऱ्यावर घ्यावं तसं, आणि मधल्या क्षणी त्याला श्वास घेता आला.

गुरुजींनी चष्मा पुन्हा चढवला. आता एवढी वर्षं मारली नाहीत, आज जी येईल ती मारा, म्हणाले, आणि ओंजळ भरली.

पहिली हाक ओठांतच झाली. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले. आवाज जवळजवळ नव्हताच. त्यानं वर बघितलं. पोचली, सोडा पाणी, गुरुजी म्हणाले. पाणी पन्हळीतून पुढे गेलं.

दुसरी हाक फार मोठी आली. त्याला स्वतःलाच ती अनोळखी वाटली, बारीक आणि उंच, सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला न शोभणारी. मंडपात ती दगडावर आपटून फिरली आणि चारपाच जण एकदम वळले. खांद्यावर मुलगी घेतलेला एक जण, गाडीवरून भांडणाऱ्या भावांपैकी थोरला, फुलं निवडत बसलेला एक जाडा गृहस्थ. कुणीतरी आपल्याला बाबा म्हणून हाक मारतंय म्हटल्यावर वळले होते, काही विचार न करता, हातातलं टाकून. आपली नाही हे बघून ते परत वळले, पण खांद्यावर मुलगी असलेला माणूस थोडा वेळ बघत राहिला आणि मग त्यानं मुलीचा पाय हातात घट्ट धरला. इकडे ओंजळीतलं पाणी सुटलं. गुरुजींनी पुन्हा भांडं उचललं.

तिसरी हाक त्यानं कशी मारायची ते ठरवलं नाही. ती आली ती घरातल्या घरात मारतात तशी, शेजारच्या खोलीत माणूस आहे हे माहीत असताना. ना मोठी, ना हळू. बाबा. आणि पलीकडच्या खांबाला टेकून, आपला नंबर यायची वाट बघत डोळे मिटून बसलेला एक अगदी म्हातारा माणूस, तोंडात एकही दात नसलेला, डोळे न उघडताच म्हणाला, "ओ."

लगेच म्हणाला, रोजच्या सवयीनं. मग त्यानं डोळे उघडले, कुणी बोलावलं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, समोर परका माणूस ओंजळ धरून बसलेला दिसला, आणि आपली चूक लक्षात येऊन ओशाळून दोन्ही हात जोडले. त्यालाही हात जोडायचे होते, पण ते पाण्यानं भरलेले होते. त्यानं नुसती मान लववली. मागे आई हसत होती की काय करत होती, वळून बघायची त्याला गरज वाटली नाही. ओंजळीतलं पाणी अजून सोडायचं राहिलं होतं. गुरुजींनी त्याला घाई केली नाही.